सायकलस्वाराचे अर्धे युनिट

सातारा ते सांगली हे अंतर कऱ्हाडमार्गे सुमारे १२० किलोमीटर आहे. सायकलची सवय असलेला एखादा धडधाकट माणूस पहाटे साताऱ्याहून निघाला, तर वाटेत विसावे घेत दुपारी तीन-चारपर्यंत तो सांगलीला पोचेल. घामाघूम होईल, मांड्या भरून येतील, दुसऱ्या दिवशी जिना उतरणेही जड जाईल. या माणसाने दिवसभरात जे काम केले ते विजेच्या मापात सांगायचे तर किती युनिट भरेल? हा प्रश्न वर्गात जरूर विचारून पाहावा. दहा युनिट, वीस युनिट, कदाचित शंभर युनिट अशी उत्तरे येतील. खरे उत्तर अर्ध्या युनिटाहून कमी आहे.

हे उत्तर कसे काढायचे, आणि त्याचा स्वच्छ ऊर्जेच्या संशोधनाशी काय संबंध आहे, ते या लेखात आपण पाहणार आहोत.

निधीसाठी सायकल

लांब पल्ल्याची सायकल चालवून एखाद्या कामासाठी पैसे उभे करण्याची पद्धत आता आपल्याकडेही ओळखीची झाली आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतच्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत उतरले. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. दोघांनी आलटून पालटून, रात्रंदिवस सायकल चालवून ते नऊ दिवसांच्या आत कापले. या मोहिमेला त्यांनी आदिवासी भागातील नेत्रसेवेच्या कामाशी जोडून घेतले होते.

संशोधनासाठी निधी जमवण्याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातले आहे. तेथे १९८० साली बिली स्टार यांनी ‘पॅन-मास चॅलेंज’ ही सायकलफेरी सुरू केली. पहिल्या वर्षी ३६ जण सायकली घेऊन निघाले आणि बोस्टनच्या डेना-फार्बर कर्करोग संस्थेसाठी १०,२०० डॉलर जमले. फेरी दर वर्षी होत राहिली आणि २०२४ पर्यंत एकूण जमा रकमेने एक अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला.

आता समजा, आपल्या शाळेतील वरच्या वर्गातली मुले म्हणाली, ‘आम्हीही सातारा ते सांगली सायकलने जातो आणि सौर ऊर्जा, पवन ऊर्जा, जैव इंधन यांवर चाललेल्या संशोधनाला पैसे जमवतो.’ कल्पना चांगलीच आहे. पण विज्ञानाच्या शिक्षकाने तिला नुसती शाबासकी देऊन थांबू नये. प्रथम ऊर्जेचा हिशेब करायला लावावा. तो हिशेब केला की पुढचे बरेच प्रश्न आपोआप उभे राहतात.

सपाट रस्त्यावर काय अडवते?

सायकल सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जात असते तेव्हा स्वाराला मुख्यतः दोन विरोधांवर मात करावी लागते. एक, टायर आणि रस्ता यांमधला लोटण-विरोध. टायर रस्त्यावर टेकतो तेथे दबतो, पुन्हा फुगतो, आणि त्यात थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. दोन, हवेचा विरोध. चेन, बेअरिंगे यांतली झीज तेलपाणी केलेल्या सायकलीत फार थोडी असते. ती आपण तूर्त बाजूला ठेवू.

स्वार आणि सायकल मिळून ८० किलोग्रॅम धरू. साध्या सायकलीचा लोटण-विरोध वजनाच्या हजारात आठ भाग इतका घेतला तर तो सुमारे ६ न्यूटन येतो. वेग कितीही असला तरी तो जवळजवळ तेवढाच राहतो.

हवेचे तसे नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताठ बसून ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराला हवा सुमारे ७ न्यूटन बलाने मागे रेटते. दोन्ही मिळून झाले १३ न्यूटन. बलाला वेगाने गुणले की शक्ती मिळते: १३ गुणिले ५, म्हणजे ६५ वॅट. जुन्या पद्धतीच्या एका दिव्याएवढी ही शक्ती.

याच बलाला १२० किलोमीटर, म्हणजे १,२०,००० मीटर अंतराने गुणले की प्रवासात केलेले कार्य मिळते. ते १५ लाख ६० हजार ज्यूल आहे. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार केला की उत्तर येते ०.४३ युनिट.

सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि सांगली सुमारे ५५० मीटरवर. कृष्णा नदी ज्या दिशेला वाहते त्याच दिशेला आपला स्वार निघालेला आहे. या दीडशे मीटरच्या उताराचा फायदा सुमारे ०.०३ युनिट होतो. मधले लहानमोठे चढ तो बहुतेक खाऊन टाकतात. म्हणून ‘अर्ध्या युनिटाहून थोडे कमी’ हे उत्तर धरायला हरकत नाही.

वेग दुप्पट केला तर?

सेकंदाला ५ मीटरऐवजी १० मीटर वेगाने जायचे ठरवले तर लोटण-विरोध ६ न्यूटनच राहील. हवेचा विरोध मात्र चौपट होऊन सुमारे २८ न्यूटन होईल. एकूण ३४ न्यूटन गुणिले १०, म्हणजे ३४० वॅट. वेग दुप्पट, पण लागणारी शक्ती पाचपटीहून जास्त. शर्यतीतले सायकलस्वार पाठ वाकवून, हनुवटी जवळजवळ हँडलला टेकवून का बसतात, आणि एकमेकांच्या मागे चिकटून का चालतात, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये वेगापेक्षा सातत्याला मान असतो तोही याच कारणाने. ‘ब्रेव्हे’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या फेऱ्यांत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास दिलेले असतात. सरासरी काढली तर ती ताशी १५ किलोमीटरच्या आसपासच भरते. दमछाक होईल इतक्या वेगाने पहिले पन्नास किलोमीटर मारणारा बहुधा उरलेल्या दीडशेत मागे पडतो.

आता समोरून सेकंदाला ५ मीटर वेगाचा वारा सुटला असे धरू. स्वाराचा रस्त्यावरचा वेग तोच आहे, पण हवेच्या संदर्भात त्याचा वेग दुप्पट झाला. विरोध ३४ न्यूटन झाला आणि शक्ती लागली १७० वॅट. हाच वारा पाठीमागून आला, तर हवेचा विरोध जवळजवळ नाहीसा होतो आणि ३० वॅटमध्ये काम भागते. एकच रस्ता, एकच वेग, पण वाऱ्याच्या दिशेप्रमाणे श्रमात पाच-सहा पटींचा फरक.

पोटातले इंधन

स्नायू हे काही फार काटकसरी इंजिन नव्हे. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा हिस्सा पायडलापर्यंत पोचतो. बाकीची उष्णता होते आणि ती बाहेर टाकण्यासाठी घाम येतो. म्हणून १५ लाख ६० हजार ज्यूल कामासाठी शरीराला सुमारे ६२ लाख ज्यूल, म्हणजे जवळजवळ १,५०० किलोकॅलरी खर्च कराव्या लागतात. पन्नास ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीतून सुमारे १७५ किलोकॅलरी मिळतात असे धरले, तर सातारा-सांगली प्रवास साडेआठ भाकरींचा झाला.

स्नायू आणि यकृत यांत ग्लायकोजेनच्या रूपाने साधारण ४०० ते ५०० ग्रॅम कर्बोदके साठवलेली असतात. चरबीचा साठा याहून खूप मोठा असतो, पण तिच्यातून ऊर्जा मिळण्याचा वेग कमी असतो. म्हणून वाटेत काही न खाता रेटत राहिले, की चार-पाच तासांनी पाय एकदम गळून गेल्यासारखे होतात. लांब पल्ल्याचे स्वार भूक लागण्याआधी खातात आणि तहान लागण्याआधी पितात. आपल्याकडच्या उन्हात तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. त्याबरोबर मीठही जाते. नुसते पाणी पिऊन ती भर निघत नाही. लिंबू, मीठ आणि साखर घातलेले सरबत हे आपल्या घरातले जुने औषध येथे अगदी शास्त्रशुद्ध ठरते.

पठारावरच्या पवनचक्क्या

साताऱ्याच्या नैर्ऋत्येला, सज्जनगडाच्या बाजूने ठोसेघर ओलांडून वर गेले की चाळकेवाडीचे पठार लागते. तेथे आणि पाटण तालुक्यातल्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. सांगली जिल्ह्यात ढालगाव परिसरातही त्या दिसतात. सायकलने चाळकेवाडीला चढून गेले तर सुमारे ४५० मीटर उंची गाठावी लागते. ८० किलोग्रॅम वस्तुमान इतके वर नेण्यासाठी लागणारी स्थितिज ऊर्जा आहे सुमारे ३ लाख ५३ हजार ज्यूल, म्हणजे ०.१ युनिट. ६५ वॅटने पायडल मारत राहिले तर एवढ्या उचलीलाच दीड तास लागेल. जिभेला फेस आणणारा घाट, आणि कमाई एक दशांश युनिट!

वर पोचल्यावर पवनचक्कीखाली उभे राहून दुसरा हिशेब करावा. समजा, पात्यांची लांबी १५ मीटर आहे. ती ज्या वर्तुळातून फिरतात त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस मीटर. वारा सेकंदाला ८ मीटर वेगाने वाहत असेल, तर या वर्तुळातून जाणाऱ्या वाऱ्यात सुमारे १९० किलोवॅट शक्ती असते. ती सगळी काढून घेता येत नाही. सगळी काढून घेतली तर हवा पात्यांमागे थांबून राहील आणि मागून येणाऱ्या हवेला वाट मिळणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी दाखवून दिले, की कितीही चांगली पवनचक्की असली तरी तिला ५९.३ टक्क्यांहून अधिक शक्ती घेता येणार नाही. व्यवहारात ३५ टक्के धरली तरी सुमारे ६६ किलोवॅट मिळतात. निरोगी माणूस दिवसभर टिकवू शकतो ती शक्ती सुमारे ७५ वॅट. म्हणजे ही एक पवनचक्की त्या क्षणी जवळजवळ ९०० सायकलस्वारांचे काम करत असते.

येथे एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वारा निम्म्यावर आला की शक्ती एक अष्टमांश होते. स्थिर हवेत वेगाने जाणाऱ्या स्वाराला हवेविरुद्ध लागणारी शक्तीही वेगाच्या घनानेच वाढते. जो नियम सायकलस्वाराला थकवतो तोच पवनचक्कीला कमाई करून देतो. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा अंगावर घेत हा घाट चढणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आणि पावसाळा सरल्यावर हा वारा मंदावतो, तेव्हा वीज कोठून आणायची, ती साठवायची कशी, हे प्रश्न उभे राहतात. संशोधनाची गरज आहे ती अशा प्रश्नांसाठी.

फलटणची सायकलरिक्षा

सायकल आणि ऊर्जा-संशोधन यांची गाठ सातारा जिल्ह्यात प्रत्यक्षही पडलेली आहे. फलटण येथे बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. अमेरिकेत डॉक्टरेट घेऊन परतलेले अभियंते डॉ. अनिल राजवंशी १९८१ साली या संस्थेत आले. गोड ज्वारीपासून मद्यार्क, त्या मद्यार्कावर चालणारे स्वयंपाकाचे स्टोव्ह, ‘नूरी’ हा ग्रामीण कंदील, असे अनेक विषय तेथे हाताळले गेले. १९९० च्या दशकात त्यांनी सायकलरिक्षाकडे लक्ष वळवले.

आपल्या देशात तेव्हा सुमारे २० लाख सायकलरिक्षा असाव्यात असा अंदाज राजवंशी यांनी मांडला होता. जुन्या रिक्षेला गिअर नव्हते, चेन लांबलचक होती, ब्रेकची व्यवस्था अपुरी होती. रिक्षा, चालक आणि दोन प्रवासी मिळून २६० किलोग्रॅम धरले, तर शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर केवळ चढाचा विरोध १५० न्यूटनहून अधिक होतो. सपाट रस्त्यावरच्या आपल्या सायकलस्वाराच्या हा अकरा-बारा पट. गिअर नसेल तर पायडलावर उभे राहूनही चाक हलत नाही. चालक खाली उतरतो आणि रिक्षा ओढू लागतो.

फलटणच्या संस्थेने पाच वेगांचे गिअर, कमी लांबीची चेन, मागच्या चाकाला ब्रेक आणि हवेचा विरोध कमी होईल असा आकार देऊन सुधारित रिक्षा तयार केली. चाचण्यांत चालकाला दोन प्रवासी घेऊन सहा ते दहा टक्के चढ जागेवरून न उतरता चढता आला. पुढची पायरी म्हणून मोटारीची मदत असलेली रिक्षा, आणि त्यापुढे पूर्णपणे बॅटरीवर चालणारी रिक्षा त्यांनी बनवली. हे काम २००२ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रस्त्यावर ई-रिक्षांना मोटार वाहन कायद्यात स्थान मिळाले ते २०१५ साली. राजवंशी यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

हौसेने दोनशे किलोमीटर जाणाऱ्याच्या सहनशक्तीचे आपण कौतुक करतो. रिक्षाचालकाची सहनशक्ती रोज पोटासाठी पणाला लागत होती, आणि तिची कोणी नोंद घेत नव्हते. फलटणमधल्या अभियंत्यांनी ती घेतली, आणि त्यासाठी वापरले ते बल, गिअर आणि उतार यांचे शाळेत शिकवले जाणारे नियम. मुलांना ‘संशोधन म्हणजे काय’ हे सांगताना याहून जवळचे उदाहरण शोधावे लागू नये.

याच वाटेवर आणखी एक ठिकाण येते. कऱ्हाडहून सांगलीकडे जाताना थोडी वाट वाकडी केली तर पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात उघडलेले दुकान सायकलींचे होते. तेथून लोखंडी नांगर आणि १९१० साली औंध संस्थानात वसलेली ही कारखान्याची वाडी असा त्यांचा प्रवास झाला.

पैसे कोठून येतात?

आता मुलांच्या बेताकडे परत येऊ. स्वाराने केलेले ०.४३ युनिट काम युनिटला दहा रुपये दराने विकले, तरी हाती येतात चार रुपये तीस पैसे. पण पंचवीस जणांनी किलोमीटरला दोन रुपये द्यायचे कबूल केले असेल, तर त्याच फेरीतून सहा हजार रुपये जमतात. फरक कोठून आला? लोक पायडलाच्या ऊर्जेचे पैसे देत नाहीत. एक मुलगा किंवा मुलगी एवढे कष्ट घेते आहे, तर तिला हा विषय खरोखर महत्त्वाचा वाटत असला पाहिजे, या विश्वासाचे ते पैसे असतात.

विश्वासाचे पैसे असल्यामुळे हिशेब चोख हवा. पैसे कोणत्या कामासाठी, कोणत्या संस्थेला जाणार ते आधी ठरवून त्या संस्थेची संमती घ्यावी. प्रत्येक देणगीची पावती द्यावी. फेरीचा खर्च निधीतून होणार की वेगळा, हे देणाऱ्याला सांगावे. आणि ऊर्जेचा हिशेबही तितकाच चोख हवा. फेरीबरोबर एक डिझेल जीप सातारा ते सांगली नेली आणि तिने लिटरला बारा किलोमीटर दिले, तर दहा लिटर डिझेल जळेल. त्यातली ऊर्जा सुमारे ३६ कोटी ज्यूल, म्हणजे एका स्वाराच्या कामाच्या २३० पट. शिवाय सुमारे २७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. म्हणून जीप नेऊच नये असे आम्ही म्हणणार नाही. मुले महामार्गावर असताना औषधपाणी आणि मोठे माणूस जवळ असलेच पाहिजे. पण वीस स्वारांमागे एक जीप आणि दोन स्वारांमागे एक जीप यांतला फरक मुलांनीच काढून पाहावा, आणि तो देणगीदारांपासून लपवू नये. जाताना सायकलने आणि येताना सायकलींसह रेल्वेने, असाही पर्याय काढता येईल.

वर्गात करून पाहा

एवढी मोठी फेरी शक्य नसेल तरी शाळेच्या मैदानाजवळ हा प्रयोग होऊ शकतो. वारा नसताना सपाट, मोकळा रस्ता निवडा. वीस मीटर अंतर चार सेकंदांत कापले जाईल अशा वेगाने सायकल आणा आणि एका खुणेपाशी पायडल मारणे थांबवा. ब्रेक न लावता सायकल किती अंतरावर थांबते ते मोजा. स्वार आणि सायकल मिळून ८० किलोग्रॅम असतील, तर खुणेपाशी गतिज ऊर्जा १,००० ज्यूल असते. तिला मोजलेल्या मीटरांनी भागले की सरासरी विरोधाचे बल न्यूटनमध्ये मिळते. आपल्या गणिताप्रमाणे सायकल ११० मीटरच्या आसपास थांबायला हवी. प्रयोग दोन्ही दिशांनी करून सरासरी घ्यावी, म्हणजे रस्त्याचा लपलेला उतार उत्तर बिघडवणार नाही. मग टायरमधली हवा थोडी कमी करून, आणि दुसऱ्या खेपेस चेनला तेल देऊन पुन्हा मोजावे. तेलाने जवळजवळ काहीच फरक पडणार नाही. पायडल थांबले की फ्रीव्हीलमुळे चेनही थांबलेली असते. मुले हे स्वतः ओळखतात का ते पाहावे.

या प्रयोगानंतर मुले घरातल्या विजेच्या बिलाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घरासाठी २३२ वेळा साताऱ्याहून सांगलीला सायकल मारावी लागेल. बटन दाबले की दिवा लागतो, त्यामागे किती कष्ट साठलेले आहेत हे आकड्यांपेक्षा पायांना लवकर कळते. ज्यांच्या पायांना ते एकदा कळले, त्यांनी उद्या स्वच्छ ऊर्जेसाठी चार पैसे मागितले तर त्यांच्या शब्दाला वजन असेल, आणि त्यांतलाच एखादा पुढे फलटणसारख्या एखाद्या प्रयोगशाळेत जाऊन बसला तर तो निधीपेक्षाही मोठा लाभ ठरेल.